आधी भेंडी, मग खोडरबर, मग लिनो

"पण काढू काय?"

शनिवारी संध्याकाळी वर्गाला येणारा प्रत्येक नवा माणूस पहिल्या दहा मिनिटांत हे विचारतो. अजून हातात कोरणीही दिलेली नसते. अंधेरी पूर्वेला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी लिनोकट शिकवते, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरायचं, शाई लावायची आणि कागदावर ठसा घ्यायचा. खरं तर मी टेबलं मांडते, रद्दी अंथरते आणि लोकांच्या पाठीमागे उभी राहून "डावा हात मागे, डावा हात मागे" असं ओरडत असते. फरशीवर शाईचा एक डाग दिसला तर वर्ग बंद, अशी सेक्रेटरींची अट आहे. म्हणून रद्दी जरा जास्तच लागते.

मी कला महाविद्यालयात शिकलेली नाही. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिल्या, त्यानंतर बरीच वर्षं लोअर परळच्या एका छापखान्यात पेस्टिंग केलं, म्हणजे मजकुराचे तुकडे चिकटवून पानं लावली, आणि ते काम संपल्यावर तिथेच डीटीपी, म्हणजे तेच संगणकावर. निगेटिव्हवर उलटी अक्षरं सुलट वाचायची सवय तिथली. लिनोकटकडे वळले त्याला ती सवयच कारणीभूत असावी.

तर "काढू काय". विचारणाऱ्याच्या मनात असं असतं की आधी डोक्यात एक झकास कल्पना यावी, पुरती रंगवलेली, आणि मग आपण ती हाताने उतरवावी. ती येईपर्यंत तो मोबाइलवर दुसऱ्यांची चित्रं चाळत बसतो. तासभर चाळल्यावर त्याच्याकडे कल्पना तर नसतेच, वर "आपल्याला हे जमणार नाही" ही खात्री मात्र झालेली असते. म्हणून पहिल्या दिवशी मोबाइल पिशवीत आणि पिशवी खुर्चीखाली. मोबाइल लागेल, पण नंतर.

सुरुवात भेंडीपासून. हसा खुशाल, सगळेच हसतात. शाळेत ठसेकाम केलं नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडणं कठीण. पण लिनोकटमध्ये जे कळायला हवं त्यातलं निम्मं भेंडी शिकवते. जे उंच आहे ते छापतं, जे पोकळ आहे ते कोरं राहतं. रंग जास्त झाला की पोकळ्या भरतात आणि फुलाचा नुसता गोळा होतो. ठसा सरळ उचलला नाही तर कडा फासते. त्यासाठी जून भेंडी हवी. कोवळी दाबली की चेपते. आमचा भाजीवाला मी जून भेंडी मुद्दाम वेचून घेते म्हणून माझ्याकडे संशयाने बघतो. इतर बायका टोक मोडून कोवळी शोधत असतात ना.

भेंडीचं काम एकच: एका भेंडीच्या एकाच चकतीने अख्खा कागद भरायचा, पण फूल दिसता कामा नये. काहीजण वैतागतात. मग कुणी ठसे एकमेकांवर चढवतं आणि खवले होतात, कुणी अर्धाच ठसा कागदाच्या कडेवर मारतं, कुणी रंग न घेता पुन्हा पुन्हा छापत फिकट होत जाणारी रांग काढतं. "काढू काय" असं या वेळी कुणी विचारत नाही. साधन एवढंसं आणि अट इतकी अडचणीची असली की डोकं आपोआप चालू होतं, हे मी त्यांना बोलून दाखवत नाही. दिसतंच.

मग खोडरबर. पांढरा, मऊ, कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा. त्यावर आपल्या नावाचं पहिलं अक्षर. इथे बहुतेकांचं अक्षर उलटं छापलं जातं आणि हॉलमध्ये हशा पिकतो. उपाय सोपा आहे: ट्रेसिंग पेपरवर फोरबी किंवा सिक्सबी अशा मऊ, गडद पेन्सिलने अक्षर सुलट काढा, कागद पालथा घालून खोडरबरावर नखाने घासा. उमटेल ते उलटं असेल, म्हणजे छापताना सुलट येईल. पुढे लिनोवरही हेच करायचं असतं. चित्रात अक्षर नसलं तरी करा. अंधेरी स्टेशनच्या पुलाचा जिना उजवीकडे असताना तुमच्या चित्रात तो डावीकडे गेला, तर रोज जाणारा माणूस लगेच ओळखतो.

आता लिनो. लिनोलियम हे मुळात जमिनीवर अंथरायचं कापड. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी ते तयार केलं. जवसाचं तेल हवेत घट्ट होऊ द्यायचं, त्यात कॉर्कचा किंवा लाकडाचा भुसा मिसळायचा आणि तागाच्या जाड कापडावर थापायचं. नवा तुकडा नाकाशी धरला तर तेलाचा वास येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नात कलाशिक्षक फ्रान्झ चिझेक यांनी लहान मुलांना त्यावर कोरायला शिकवलं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण लिनोला लाकडासारखे रेशे नसतात; कोरणी कुठल्याही दिशेला फिरते आणि नवखा माणूस पहिल्याच दिवशी वळणदार रेषा काढू शकतो. परदेशी व्हिडिओंत लिनो मऊ करायला हेअर ड्रायर मारताना दाखवतात. मुंबईत त्याची गरज नाही. दुपारी खिडकीत ठेवला की पुरे.

पण मुद्दा वेगळा आहे. लिनो म्हणजे काळं किंवा पांढरं. करडा रंग नाही, छटा नाही, पुसून हलकं करणं नाही. त्यामुळे तुम्ही कुठलाही विषय घेऊन आलात तरी लिनो पहिला प्रश्न विचारतो: यातलं काय ठेवायचं? नवख्या माणसाचा विषय नेहमी मोठा असतो. "मुंबईचा पाऊस", "माणुसकी", "निसर्ग". एवढं सगळं वीतभर तुकड्यावर मावत नाही आणि मावायची गरजही नसते. त्याला लहान करत जायचं. माझ्या वर्गाचं सगळं काम खरं तर एवढंच.

काही गोष्टींना बंदी आहे. गेटवे, डबेवाला, वडापाव, काळीपिवळी टॅक्सी आणि पाच फटकाऱ्यांतला गणपती. गणपतीवर माझा राग नाही, आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. पण तो प्रत्येकाच्या हातात इतका बसलेला आहे की काढताना डोळे उघडावेच लागत नाहीत.

वर्गाला एक काका येतात, बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. ते विषय ठरवूनच आले होते: डबलडेकर. बंदीच्या यादीत ती नव्हती, त्यामुळे मला काही बोलता येईना. त्यांचा जीवही होता तिच्यावर. १९३७ पासून ही बस मुंबईत धावत होती आणि डिझेलवरच्या जुन्या डबलडेकरची शेवटची फेरी १५ सप्टेंबर २०२३ ला झाली, तीही आमच्याच भागात, आगरकर चौक ते सीप्झ, ४१५ नंबरच्या मार्गावर. काकांनी बस सुरेख काढली. बाजूने दिसणारी, वरखाली खिडक्यांच्या रांगा, चाकं गोल. रेषेत कुठे दोष काढायला जागा नव्हती. आणि कॅलेंडरवर छापलेल्या कुठल्याही बससारखी ती दिसत होती.

मी विचारलं, "काका, तुम्ही बस अशी बाहेरून कधी बघायचात?"

त्यांनी जरा विचार केला. "छे हो ताई. कंडक्टरला बस दिसतच नाही. आम्हाला दिसतात हात. पैसे धरलेले, दांडा धरलेले, पास दाखवणारे."

मग त्यांना थांबवणं कठीण झालं. तिकिटांची ती पत्र्याची पेटी, दराप्रमाणे वेगवेगळ्या रंगांचे गठ्ठे, अंगठ्याने एकच तिकीट सुटं करायची हातोटी, आणि पंच. गर्दीत "तिकीट, तिकीट" ओरडून घसा बसायचा, म्हणून रिकामा पंच वाजवत पुढे सरकायचं, टिक टिक टिक. पंच मारून तिकिटातून पडलेले बारीक गोल तुकडे घरी गेल्यावर पँटच्या घडीतून निघायचे, काकू झाडू घेऊन मागे लागायच्या. हे सांगताना काकांचा उजवा हात टेबलाखाली नसलेला पंच दाबत होता. ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

त्या हातावरून मी काकांना चौकटी काढायला बसवलं. चौकटी म्हणजे आडव्यात पाच-सहा सेंटिमीटरचे छोटे चौकोन, आणि त्यात जाड काळ्या मार्करने चित्राचा आराखडा. पेन्सिलला मनाई. पेन्सिल हातात आली की माणूस बोटांची नखं रंगवत बसतो. जाड मार्करने नखं काढताच येत नाहीत, फक्त काळे आणि पांढरे भाग टाकता येतात. एका चौकटीला दोनेक मिनिटं. पहिल्या काही चौकटी सगळ्यांच्या सारख्याच येतात, त्या येऊ द्यायच्या. काकांच्या पहिल्या चौकटीत अख्खा कंडक्टर होता, टोपी-बिल्ल्यासकट. दुसरीत पेटी. नंतर बऱ्याच हातांची गर्दी. मग कुठेतरी त्यांनी चेहरा सोडला, मग पेटी सोडली, मग हातही एकच उरला. शेवटची चौकट जवळजवळ पूर्ण काळी होती: वरच्या कोपऱ्यातून आलेला एक हात, हातात पंच, आणि खाली पडणारे पांढरे ठिपके. बस कुठेच नव्हती.

त्या ठिपक्यांनी कोरायचा एक धडाही आयता मिळाला. लिनोवर गोल ठिपका काढायचा असेल तर बारीक यू कोरणी, म्हणजे इंग्रजी यूसारख्या टोकाची, उभी टेकवायची, हात स्थिर ठेवायचा आणि लिनोचा तुकडा खालून गोल फिरवायचा. चकतीसारखा तुकडा निघून येतो. वळणांनाही तोच नियम: कोरणी फिरवू नका, लिनो फिरवा. काकांनी असे ठिपके पाडले तेव्हा लिनोच्या निघालेल्या चकत्या टेबलावर सांडल्या आणि त्यांनी त्या गोळा करून खिशात टाकल्या. आम्ही कुणी काही बोललो नाही.

दुसरी एक बारावीची मुलगी. तिचा विषय होता "स्त्रीशक्ती". निबंधाच्या विषयासारखा. मी म्हटलं, कुठली स्त्री? "कुठलीही, काकू." मग तर काढताच येणार नाही. कुठे उभी आहे, काय करतेय, हातात काय आहे, असं विचारत गेले तर ती चिडली. पण पुढच्या शनिवारी येताना लोकलमध्ये बघत आली. लेडीज डब्यात वरची कडी धरलेला एक हात, मनगटात काचेच्या बांगड्या आणि बांगडीला अडकवलेल्या सेफ्टी पिना. मुंबईत वाढलेल्या कुणालाही त्या पिना समजावून सांगाव्या लागत नाहीत. पदर सुटला, चपलेचा अंगठा तुटला, पिशवीचा बंद गेला, गर्दीत कुणी अंगचटीला आलं, सगळ्याला त्याच. तिने फक्त मनगट घेतलं. शीर्षकात "स्त्रीशक्ती" ठेवू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, ठेवून बघ आणि आईला दाखव. तिने आईला शीर्षकाविना दाखवलं आणि आईने आधी स्वतःची बांगडी चाचपली. शीर्षक राहूनच गेलं.

अंधेरीत बसून लिनो कोरणारे आपण पहिले नाही, हे मी वर्गात जरा मिरवूनच सांगते. चित्रकार चित्तप्रसाद १९४६ च्या सुमारास मुंबईत आले आणि पुढे बरीच वर्षं अंधेरीत राहिले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात मिदनापूरच्या गावांतून पायी हिंडून त्यांनी माणसं रेखाटली होती. त्या रेखाटनांच्या पुस्तिकेच्या प्रती ब्रिटिश सरकारने जप्त करून नष्ट केल्या. मुंबईत त्यांनी कामाला जुंपलेल्या लहान मुलांवर लिनोकटची मालिका केली. साधन तेच, आपल्या टेबलावर आहे ते: एक तुकडा, दोन-तीन कोरण्या, काळी शाई. नंदलाल बोस यांचा १९३० चा लिनोकट तर पुष्कळांनी शाळेच्या पुस्तकात पाहिलेला असतो, काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांत चालणारे काठी घेतलेले गांधीजी. तो मी दाखवते तो एका गोष्टीसाठी: मागे रस्ता नाही, समुद्र नाही, सोबतची माणसं नाहीत. दांडीयात्रेतलं एवढं सगळं बाहेर ठेवलं आणि तरी ती दांडीयात्राच आहे.

आता मोबाइल पिशवीतून काढायला हरकत नाही. आपणच काढलेला फोटो कृष्णधवल करायचा आणि कॉन्ट्रास्ट वाढवत न्यायचा, पार सगळ्या छटा गायब होईपर्यंत. फोटो नसेल तर डोळे किलकिले करून वस्तूकडे बघा, तेच काम होतं. कुठला भाग काळ्यात विरघळतो ते बघा. हाताची कड सगळीकडे रेषेने बांधून काढायची गरज नसते. अर्धी कड अंधारात सोडली तरी डोळा ती पुरी करून घेतो. बाह्यरेषा सोडून देणं नवशिक्यांना सगळ्यात जड जातं, आणि चित्रकलेच्या तासाला "आधी आउटलाइन" घोटवून घेतलेल्यांना तर फारच.

कोरण्याबद्दल थोडं. चित्र लिनोवर उतरवल्यावर सगळा तुकडा मार्करने किंवा पातळ शाईने गडद करून घ्या, म्हणजे कोरलेलं फिकट दिसतं आणि छापल्यावर काय येणार याचा अंदाज येतो. रेषेला व्ही कोरणी, मोकळी जागा काढायला रुंद यू. कोरणी आडवी धरा, उभी धरली की खोल जाते आणि खालच्या तागापर्यंत पोहोचते. तितकं खोल जायचं कारणच नाही. बारीक रेषा ठेवायची असेल तर दोन्ही बाजूंनी उतार बाहेरच्या बाजूला ठेवा. पायथा पोखरला तर छापताना रेष कोसळते. लिनो सरकू नये म्हणून एक फळी करून घ्या: प्लायवूडच्या तुकड्याला एका टोकाला वरून आणि दुसऱ्या टोकाला खालून पट्टी. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडते, वरचीला लिनो टेकतो. कुठलाही सुतार उरलेल्या तुकड्यांतून करून देतो. आणि डावा हात कोरणीच्या मागे, कधीही पुढे नाही. जे डावरे आहेत त्यांनी उजवा.

मोकळ्या केलेल्या जागेत कोरणीचे थोडे उंचवटे राहतात आणि छापताना तिथे बारीक रेघोट्या उमटतात. पहिल्या पहिल्यांदा सगळ्यांना त्या साफ करायच्या असतात. मी म्हणते, आधी छापून बघा. पुष्कळदा त्या रेघोट्यांमुळेच हवा हलल्यासारखी वाटते.

छापायला यंत्र लागत नाही. काचेवर शाई घ्या आणि रोलरने पातळ पसरा. शाई नीट पसरली की रोलरखाली एकसारखा चुरचुर आवाज येतो. चपचप आवाज आला तर शाई जास्त आहे. लिनोवर दोन दिशांनी रोलर फिरवा, कागद ठेवा, आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने मधून बाहेर घासत जा. एक कोपरा उचलून डोकवा, काळं फिकं असेल तर कागद न हलवता पुन्हा ठेवा. पहिल्या एकदोन प्रती फिक्या येणारच, लिनो शाई धरायला वेळ घेतो, म्हणून त्या रद्दीवर घ्या. चांगला कागद लागेल तेव्हा अब्दुल रहमान स्ट्रीटच्या कागदबाजारात एक चक्कर मारा आणि फार गुळगुळीत कागद घेऊ नका.

आणि पंखा बंद. यावरून दर शनिवारी वाद होतो. पाण्याची शाई पंख्याखाली काचेवरच वाळते आणि प्रत ठिकठिकाणी उडालेली येते. मे महिन्यात पंखा बंद करून छापणं म्हणजे काय ते मुंबईकरांना सांगायला नको. पावसाळ्यात उलट: छापायला निवांत वेळ मिळतो, पण तेलाची शाई असली तर प्रती दिवसेंदिवस वाळत नाहीत आणि कागद हवेतलं पाणी पिऊन वाकडा होतो. मी जुलै-ऑगस्टमध्ये फक्त चौकटी आणि कोरणं घेते, छपाई नवरात्रानंतर. तेलाची शाई पुसायला रॉकेल-टर्पेंटाइन नको. खायच्या तेलाचा बोळा फिरवायचा आणि मग भांड्याचा साबण.

प्रती वाळल्यावर खाली पेन्सिलने लिहायचं असतं: डावीकडे क्रमांक, एकूण दहा काढल्या असतील तर ३/१० असा, मध्ये शीर्षक असलं तर ते, उजवीकडे सही. हे का, असं नेहमी कुणीतरी विचारतं, आणि मी मग मर्यादित आवृत्ती वगैरे समजावत बसते. या वेळी मला तोंड उघडावं लागलं नाही. काका म्हणाले, "अहो, तिकिटाला नंबर असतोच की." आणि त्यांनी जुन्या डेपोतल्या दोस्तांची नावं बोटांवर मोजायला सुरुवात केली. दहा प्रती पुरणार नाहीत असं दिसतंय. कागद आणायला हवा.